आज तरी आहे

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भिंगरी,

सकाळी उठले. अंघोळ केली. आज येत नाही म्हणून कामावर फोन करून सांगितलं. दवाखान्यात गेले, बाकावर बसले, नंबर आल्यावर आत जाऊन तपासून घेतलं. येताना गोळ्या आणल्या. घरी येऊन दोन घास खाल्ले आणि आता पलंगावर पाठीशी उशी लावून हे लिहायला बसले आहे. कागदाखाली आधाराला चहाचा ट्रे घेतलाय, तो हलतो, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येईल. आजच्या दिवसात एवढंच झालं.

दुकानाच्या पत्त्यावर माझं पत्र बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. मी उठते, बसते, जेवते. फोन का नाही केला ते तुला सांगायला नको. तुझ्या फोनवर माझं नाव दिसलं की आई स्पीकर लावायला लावतात, आणि मग आपण तिघी आईंच्या गुडघ्यावर बोलतो आणि फोन ठेवतो. समजा आई शेजारी नसत्या, तरी मला हे तोंडाने सांगता आलं असतं असं नाही. तुझा दादा म्हणायचा ना, हिला काही विचारायचं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघत बसायचं. तेव्हापासूनच तू मला मौनीबाबा म्हणायला लागलीस. तर आज मौनीबाबा जरा जास्त बोलणार आहे. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, आणि बसून वाच. चष्म्याच्या काचा हातात असतील तर आधी खाली ठेव.

मला दिवस गेले आहेत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी पानभर इकडचं तिकडचं लिहीन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तिसरा महिना संपला. दादा होता तेव्हाचंच आहे. नेमकं कधीचं तेही मला माहीत आहे, पण तू कितीही चिडवलंस तरी ते मी लिहिणार नाही. आणि परवापासून मला रक्त जातंय. अगदी पाळीसारखं. हे मूल राहील की जाईल हे आज डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तू म्हणशील, तीन महिने काय झोपली होतीस का? सांगते.

आपल्या घरातली ती गरम पाण्याची रबरी पिशवी तुला माहीत आहे. या घरात पाळी हा शब्द कुणी उच्चारत नाही. बाथरूमच्या दारामागच्या खुंटीला पिशवी उलटी टांगलेली दिसली की सगळ्यांना कळायचं. लग्नानंतर सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. पुढे मूल होईना म्हणून औषधपाणी सुरू झालं, एक डॉक्टर झाला, दुसरा झाला, आणि मग मला त्या पिशवीची भीती वाटायला लागली. आई बाथरूममधून बाहेर यायच्या आणि माझ्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडायच्या. दादा त्या दिवशी येताना काहीतरी खायला आणायचा. का आणलं ते तो सांगायचा नाही, आम्हीही विचारायचो नाही. एकदा त्याने ती पिशवी उचलून माळ्यावर टाकली. म्हणाला, हिचं तोंड बघूनच येणारं परत जात असेल. दोन दिवसांनी माझं पोट दुखायला लागलं तेव्हा तोच स्टूल लावून वर चढला, डोक्याला जळमटं लावून खाली आला, आणि पाणी गरम करून दिलं.

तो गेला त्या दिवसाबद्दल काय लिहू? जेवणाच्या सुट्टीत, ज्या इमारतीत लिफ्टचं काम चाललं होतं तिथल्याच खोलीत टेबलावर डोकं टेकून बसला. बरोबरच्यांना वाटलं, डुलकी काढतोय. त्यांनी त्याला उठवलंही नाही, झोपू दे म्हणाले. एवढं आपल्या दोघींनाही पाठ आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी तारीख होती, आणि तारखेला रक्त आलं. नेहमीपेक्षा कमी होतं. पण घरात एवढं झालेलं, पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, तेव्हा कमी येणारच असं मी धरून चालले. पोटही दुखत होतं. पिशवी काढली, शेकलं आणि खुंटीला टांगली. तू त्याच्या कंपनीत कागदांच्या कामासाठी गेली होतीस. आई बाथरूममध्ये गेल्या, बाहेर आल्या, पण वर्तमानपत्राकडे गेल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला तोंडाने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"काहीच नाही का गं?"

"नाही आई. आली."

"बरं."

बरं म्हणाल्या आणि ओट्याशी जाऊन धुतलेला कप पुन्हा धुतला. बराच वेळ धुतला. संध्याकाळी तू आलीस तेव्हा त्यांनी दादाचे शर्ट घड्या करून बाहेर काढून ठेवले होते. त्याआधी त्या कपाटाला कुणाला हात लावू देत नव्हत्या. तू मला आत ओढून म्हणालीस, एवढी कसली घाई लागलीये हिला, वहिनी, तू तरी अडव. मी अडवलं नाही. त्या कशाची वाट बघत होत्या आणि ती का संपली, हे मला कळलं होतं. शर्ट गेले. हत्यारांची पेटी त्याच्या बरोबरीची माणसं घेऊन गेली. मग आई तुझ्याबरोबर तुझ्याकडे आल्या. निघताना म्हणाल्या, या घरात आता उरलंय काय. तू माझ्याकडे बघितलंस. मी उरले होते, पण त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू त्यावरून त्यांच्याशी भांडू नकोस.

पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. या वेळी थोडं उशिरा, त्याहून कमी, आणि रंगाने तपकिरी. मी काय काम करते हे तू दर वेळी विसरतेस, म्हणून पुन्हा सांगते. आमच्याकडे कापड रंगवायला येतं, आणि बरोबर रंगाचा नमुना येतो. तसाच रंग आपल्या कापडावर आधी छोट्या तुकड्यावर आणून दाखवायचा, हे माझं काम. तुकडा सुकला की नमुन्याशेजारी ठेवून दिव्याच्या पेटीत बघायचा. पेटीत तीन दिवे असतात, एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या पांढऱ्या नळीसारखा, एक घरातल्या पिवळ्या बल्बसारखा. एका दिव्याखाली दोन तुकडे सख्खे भाऊ दिसतात, आणि दुसरा दिवा लावला की एकमेकांना ओळखही देत नाहीत. म्हणून तिन्ही दिव्यांखाली बघितल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. आमचे साहेब म्हणतात, लाल रंग असला की तो फक्त हिच्या टेबलावर द्या. आणि घरी, आईंच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून दादाने बाथरूममध्ये जो मिणमिणता पिवळा दिवा लावून ठेवलाय, त्याच्याखाली बघून मी म्हटलं, पाळी आहे. पुन्हा पिशवी काढली. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी नेमाने खुंटीला टांगली.

मळमळ सुरू झाली ती गेल्या महिन्याच्या अखेरीला. रंग चढायला आम्ही जे ॲसिड घालतो त्याला आंबट वास असतो. इतक्या वर्षांत मला तो येईनासा झाला होता. एक दिवस अचानक आला, आणि मी तोंड धरून बाहेर पळाले. आमच्याकडे वजनकाट्यावर रंगाची पूड तोलून देणारी एक बाई आहे. तू तिला एकदा भेटलीस, तुला म्हणाली होती की चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस आणि स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीयेस. ती. तिने मला धरलंच. म्हणाली, काय गं, काल आलेल्या पोरीसारखं नाक काय धरतेस. मी म्हटलं, पित्त झालंय. तर म्हणते, बघ हं, या पित्ताला थोड्या दिवसांनी हातपाय फुटतील. मला तिचा राग आला. नवरा गेलेल्या बाईशी असं बोलतात का? मी तिला सांगितलं की मला दोन्ही महिने येऊन गेली, अगदी तारखेच्या सुमाराला. त्यावर ती म्हणाली, तारखेला तर विजेचं बिलपण येतं. संध्याकाळी तिनेच औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणून माझ्या पर्समध्ये कोंबली आणि बस पकडायला गेली.

पट्टीवर दोन रेघा आल्या. दुसरी फिकट होती. पण फिकट रेघ आणि नसलेली रेघ यातला फरक मला कळतो, भिंगरी.

आनंद झाला का, असं तू विचारशील. मला आधी भीती वाटली आणि नंतरही भीतीच वाटली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. काहीतरी पटपट लुकलुकत होतं. दादा असताना ज्यांना आम्ही इतक्या वेळा हात हलवत परत जाताना दिसलो, त्याच या बाई. त्या माझ्या फाइलकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मग त्यांनी समजावलं. पोटात मूल असताना खरी पाळी येतच नाही, पण रक्त जाऊ शकतं, कधी नेमकं तारखेच्या आसपास जातं, आणि बाईला वाटतं पाळीच आली. पहिलं गर्भ रुजतानाचं असेल, दुसरं कशाचं ते आता सांगता येत नाही. यापुढे थेंबभर दिसलं तरी घरी बसून अंदाज बांधत बसू नका, म्हणाल्या. बाहेर आले, बाकावर बसले, पर्समधून फोन काढला आणि यादीत दादाचं नाव शोधून काढलं. नाव समोर आल्यावर लक्षात आलं. मग फोन परत पर्समध्ये ठेवला.

त्यानंतरचे थोडे दिवस बरे गेले. खोटं कशाला बोलू, मी बडीशेप खाऊन मळमळ थांबवत होते आणि मळमळ आहे म्हणून मनातून बरं वाटत होतं. आणि परवा सकाळी उठले तर लाल. तपकिरी नाही, गुलाबी नाही, सरळ लाल, आणि कंबरेतून तीच ओळखीची ओढ. त्या क्षणी मला वाटलं, आता मात्र खरीच आली. सगळं संपलं असं वाटलं. पण त्याच्याआधी जो विचार आला तो सांगते, तू हसू नकोस. मला वाटलं, बरं झालं आईंना सांगितलं नव्हतं.

परवा डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि आज सोनोग्राफीला बोलावलं. आज गेल्यावर त्यांनी किती जातंय, कसं जातंय हे विचारलं. रंग कसा, असं विचारल्यावर मी म्हटलं, पहिल्या दिवशी पिकलेल्या डाळिंबासारखा, काल विटकरीकडे झुकलेला, आज त्यात तपकिरी जास्त पण तळाला लाल अजून आहे. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, अहो, मला लाल की तपकिरी एवढंच सांगा, मला साडी घ्यायची नाहीये. नर्स हसली. मीही हसले, आणि हसल्याने पोटाला काही झालं तर नाही ना म्हणून लगेच थांबले.

गर्भाशेजारी रक्त साचलंय. ते कधी आपोआप जिरतं, कधी वाढतं. डॉक्टरांनी पुन्हा पडदा वळवला. मी बघायला तयार नव्हते, पण बघितलं. मग त्या म्हणाल्या,

"ठोका चांगला आहे. पुढचं मी आज सांगू शकत नाही."

कामावर जायचं नाही, जड उचलायचं नाही, पॅड भिजून वाहायला लागलं किंवा कळा आल्या तर तडक यायचं, नाहीतर पुढच्या सोनोग्राफीला. मी त्यांना विचारलं, मी पोट शेकलं त्याने झालं का. मधल्या काळात मी कपाट सरकवलं, पाण्याच्या बादल्या उचलल्या, ॲसिडच्या वासात दिवसभर उभी होते. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे काही झालेलं नाही, डोक्यात घेऊ नका. डोक्यात न घ्यायला डोकं रिकामं कुठे आहे?

माझे दिवस कसे चाललेत ते तुलाच सांगते. शिंक आली तरी पोट धरते. बाथरूमला जायचं टाळते, आणि गेले की तिथेच थांबते. पॅड खिडकीपाशी नेऊन उजेडात बघते. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने बघितलं असतं तर म्हणाली असती, ही खुळी झाली. कमी होतंय का, हे मला ठरवायचं असतं. पण ठरत नाही, कारण कालचा तुकडा शेजारी ठेवायला नाही. आठवणीतून रंग जुळवायचा नाही, हे मी नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी बजावते. आणि इथे पडल्या पडल्या मी दुसरं काहीच करत नाही.

आता तुझ्याकडचं काम. गेल्या वेळी तू फोनवर म्हणालीस की आई पुढच्या रविवारी यायचं म्हणताहेत, माळा आणि मागची खोली आवरायला. त्यांना येऊ देऊ नकोस. त्या आल्या तर मला पलंगावर बघतील. मला डॉक्टरांनी शेकायला नको म्हटलंय, तेव्हा खुंटी रिकामी बघतील, आणि कचऱ्याची बादली पॅडांनी भरलेली बघतील. दोन्ही मिळून काय ते त्यांना तुझ्या-माझ्याआधी कळेल. काय थाप मारायची ते तू बघ, तू त्यात दादापेक्षा हुशार आहेस. त्यांचा चष्मा दुरुस्तीला म्हणून दुकानात ने आणि काच मिळत नाही म्हण. चष्म्याशिवाय त्या प्रवास करायच्या नाहीत. चिडतील, दुकानाच्या मालकाला नावं ठेवतील, ठेवू देत. एकदा मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, आणि त्या बरं म्हणाल्या. आता आहे म्हणून सांगितलं आणि आठवड्याने पुन्हा नाही सांगायची वेळ आली, तर त्या पुन्हा बरंच म्हणतील. ते मला ऐकवणार नाही.

हे पत्र वजनकाट्यावरची ती बाई, आमची काटेवाली, उद्या कामावर जाताना टाकेल. परवापासून ती रोज माझा डबा घेऊन येते आणि मी काय खाल्लं ते झाकण उघडून बघते. तू उत्तर लिहू नकोस, लगेच निघूनही येऊ नकोस. तू आलीस तर आईही पिशवी भरून तुझ्यामागे निघतील. फोनवर नेहमीसारखं बोल.

चष्म्याचं मी तुला कशीही थाप मारून सांगू शकले असते, त्याला चार पानं लागत नव्हती. पत्र त्यासाठी लिहिलं नाही. सकाळी दवाखान्यातून येताना गाडीत मला वाटलं, हे गेलं तर पाळीसारखंच जाईल. दोन तांबे पाणी ओतलं की संपलं. आणि कुणी म्हणायचं झालं तर म्हणेल, तिला तेव्हा काही नव्हतंच, तिने स्वतःच सांगितलं होतं. दादाला कळलं नाही. आईंना सांगता येत नाही. डॉक्टरांच्या बाकावर माझ्यामागे रांग होती. काटेवाली माझं सगळं करते, पण तिने तुझ्या दादाला कधी बघितलेलं नाही. त्याच्या घरातल्या एका तरी माणसाला हे माहीत असायला हवं. आज सकाळी ते होतं. ठोका पडत होता आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. राहिलं तर पुढे तू त्याची आत्या होशीलच, सगळे तुला सांगतील, नाव काय ठेवायचं त्यावरून भांडशील. पण नाही राहिलं तरी आज तू आत्या आहेस. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. एवढंच होतं. बसून बसून कंबर भरून आली. उशीची खोळ घामाने ओली झालीये, ती बदलते आणि डाव्या कुशीवर होते.

तुझीच,
वहिनी